गळ्यात काय, पाठीवर काय : प्रवासातल्या फोटोग्राफीचे तुमचे प्रश्न

सुट्टी जवळ आली की या सदराला येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लोक विचारतात फोटो कसा काढू, आणि सुट्टीच्या तोंडावर विचारतात काय घेऊ. यावेळी बहुतेक पत्रं "काय घेऊ" वालीच आहेत म्हणून म्हटलं एकदाचं सगळं सदर प्रवासालाच देऊन टाकू. आधीच कबूल करते, मला सामानाचा प्रचंड मोह आहे आणि त्यापायी मी बरीच वर्षं हमाली केलीये, तेव्हा खाली कुठे मी ओरडतेय असं वाटलं तर ते मी माझ्यावरच ओरडतेय असं समजा.

प्रश्न : आम्ही दोघं दोन महिन्यांनी बारा दिवसांच्या ट्रिपला चाललोय. डोंगर, जुनी शहरं, एक दिवस जंगल, असं सगळं मिक्स आहे. आत्तापर्यंत फोनवरच फोटो काढले. आता कॅमेरा घ्यायचा म्हणतोय तर दुकानदार म्हणतो घ्यायचाच तर फुल फ्रेम घ्या, मित्र म्हणतो फोन पुरे, उगाच पैसे घालवू नको. डोकं चक्रावलंय.

उत्तर : दोघंही अर्धं अर्धं खरं बोलतायत, आणि दोघांपैकी एकालाही ती बॅग घेऊन चालायचं नाहीये हे लक्षात घ्या.

फोनपासून सुरू करू. आजकालच्या फोनचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमी लेन्सइतकं रुंद बघतो (मिमी म्हणजे लेन्सची फोकल लेंथ, आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). भरपूर उजेड असेल तर डोंगर, इमारती, ग्रुप फोटो यात तो कॅमेऱ्याच्या इतका जवळ येतो की फोनच्याच स्क्रीनवर बघणाऱ्याला फरक सांगता येत नाही, मलाही कधीकधी येत नाही. तो कमी पडतो ते लांबच्या गोष्टीला, कमी उजेडात हलणाऱ्या गोष्टीला आणि मोठी प्रिंट काढायची असेल तेव्हा. लांबचं म्हणजे कसं, फोनमधली खरी टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स जिथपर्यंत जाते तिथपर्यंत ठीक, त्यापुढे तुम्ही दोन बोटांनी ताणत राहता तेव्हा फोन नुसता मधला तुकडा कापून मोठा करतो आणि जे दिसलंच नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं. हरणाच्या अंगावरचे केस मग ब्रशने फासल्यासारखे दिसतात.

म्हणजे तुमचा जंगलाचा दिवस फोनवर निघणार नाही हे नक्की, पण बारा दिवसांतल्या एका दिवसासाठी अख्खी सिस्टिम विकत घेऊ नका. ४०० मिमीपर्यंत जाणारी लेन्स त्या दिवसापुरती भाड्याने मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर चांगली दुर्बीण न्या आणि प्राणी डोळे भरून बघा, फोटो राहिला तर राहिला.

आता फुल फ्रेम, म्हणजे ३६ बाय २४ मिमीचा सेन्सर (फिल्मच्या जागी उजेड टिपणारा कॅमेऱ्यातला भाग). त्यातल्या "फुल" शब्दाला भुलू नका, बाकीचे सेन्सर अर्धवट असतात असा काही त्याचा अर्थ नाहीये. ३६ बाय २४ मिमी हे माप आलं सिनेमाच्या फिल्मवरून. लायट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाकने ३५ मिमीची सिनेफिल्म आडवी फिरवून तिच्या १८ बाय २४ च्या दोन चौकटी मिळून एक फोटो असा छोटा कॅमेरा बनवला, तो १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला आणि ते माप तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे लायकाचं तेव्हाचं कौतुक हेच होतं की तो खिशात मावतो, त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांपुढे तो अगदीच चिमुकला. आज त्याच मापाचा सेन्सर आपण वजनदार म्हणून टाळतोय.

सेन्सर मोठा तर उजेड जास्त गोळा होतो, अंधारात फोटो साफ येतो, हे खरंच आहे. त्याहून लहान मापांपैकी एपीएस-सी सेन्सरचं क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या निम्म्याहून थोडं कमी, मायक्रो फोर थर्ड्सचं साधारण पाव. पण प्रवासात ओझं होतं ते बॉडीचं नाही, लेन्सचं. फुल फ्रेमची ७०-२०० एफ/२.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं) घ्या, ती एकटीच किलो-दीड किलोच्या घरात जाते.

एक फुकटातला प्रयोग सांगते. जे घ्यायचं मनात आहे त्या सगळ्याचं वजन कंपनीच्या साइटवर ग्रॅममध्ये दिलेलं असतं, त्याची बेरीज करा, चार्जर-बॅटऱ्यांसकट. तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, त्या सॅकमध्ये टाका आणि एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरा. जिने चढा, बसमध्ये उभं राहा, खाली वाकून बुटाची नाडी बांधा. दुपारी चारच्या सुमाराला खांदा जे सांगेल ते कुठलाही दुकानदार सांगणार नाही. आणि हे एकाच दिवसाचं झालं, तुमचे बारा आहेत.

तुम्ही सांगितलंय त्यावरून मी असते तर एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्सची मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घेतली असती, त्यावर बऱ्यापैकी रेंजची एकच झूम (एपीएस-सी ला १८-१३५ सारखी) आणि जमलंच तर एक छोटी एफ/१.८ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. नवीन मॉडेलच हवं असं काही नाही, एकदोन पिढ्या जुनं, वापरलेलं सुद्धा चालेल, आरसावाला डीएसएलआर सुद्धा चालेल. वापरलेलं घेताना एफ/१६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा आणि लेन्समध्ये मागून टॉर्च मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का ते बघा, ती बुरशी असते, दिसली की सरळ परत करा. आणि घ्यायचंच ठरलं तर या आठवड्यात घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. कोरे बूट घालून ट्रेकला जाणाऱ्याचं जे होतं तेच होतं, सगळ्यात भारी प्रसंगी तुम्ही मेनूत आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) शोधत बसता.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॅननची बॉडी, १८-५५, ५५-२५० आणि ५० ची एफ/१.८ आहे. मामा त्याची १०-१८ ची वाइड लेन्स पण देतोय. आठ दिवस पाठीवर सॅक घेऊन डोंगरात फिरणार आहे. मला वाटतं ५५-२५० घरी ठेवावी आणि वाइड न्यावी. बरोबर ना?

उत्तर : उलटं कर.

पण त्याआधी एक काम. तुझ्या मागच्या दोन ट्रिपचे फोटो कॉम्प्युटरवर टाक आणि फोकल लेंथप्रमाणे लाव, लाइटरूम, डिजिकॅम, कशातही होतं, प्रत्येक फाइलमध्ये ती माहिती लिहिलेली असते. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा लाज वाटली होती. चार लेन्स वागवल्या होत्या आणि जवळजवळ सगळे आवडलेले फोटो २४ ते ५० च्या मध्ये, एक लेन्स तर अशी होती की तिचा अख्ख्या ट्रिपमधला एकच फोटो, तोसुद्धा हॉटेलच्या खिडकीतून, लेन्स चालतेय का बघायला काढलेला.

आता डोंगर. सगळ्यांना वाटतं डोंगर मोठा म्हणून लेन्स रुंद पाहिजे. वाइड लेन्सला पायाजवळचा दगड मोठा दिसतो आणि मागचं शिखर नखाएवढं होतं. तू तिथे उभा असताना छाती दडपलेली असते आणि घरी येऊन फोटो बघितला की वाटतं अरे, हा तर टेकाड. वाइड चालते, पण मग पुढ्यात काहीतरी लागतं, फुलं, पाणी, वाट, काहीही, नुसतंच "सगळं मावलं पाहिजे" म्हणून लावलेली वाइड फसते. टेलीने मात्र एकामागे एक रांगा चिकटून येतात, पहाटे प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा फिकट, आणि शिखराला त्याची खरी उंची परत मिळते. दुरून डोंगर साजरे म्हणणारा माणूस नक्की टेली लेन्सवाला असणार.

तुझ्या बॉडीचा क्रॉप १.६ आहे (सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणून लेन्स तितक्या पटीने लांबची वाटते) म्हणजे ५५-२५० ही तुला ८८-४०० सारखी दिसेल, आणि एसटीएमवाली (लेन्सवर तसं लिहिलेलं असतं) असेल तर वजन पावणेचारशे ग्रॅम. हे फार स्वस्तातलं वजन आहे. १८-५५ रोजच्याला. ५० ची तर दीडशे-एकशेसाठ ग्रॅमची असते, मोज्यात गुंडाळून कोपऱ्यात टाक, संध्याकाळी उजेड गेला की तीच उपयोगी पडेल. मामाची मामाकडेच राहू दे. गुहा, अरुंद गल्ल्या, छोट्या खोल्या असलेली ट्रिप करशील तेव्हा माग. शिवाय दुसऱ्याची लेन्स बॅगेत असली की निम्मं लक्ष तिच्याकडेच असतं.

वाऱ्यात लेन्स बदलू नकोस. बदलायचीच तर वाऱ्याकडे पाठ कर, बॉडीचं तोंड खाली धर, दुसरी लेन्स झाकण सैल करून आधीच तयार ठेव. मी एकदा वाळूच्या टेकडीवर उभी राहून आरामात बदलली होती, पुढच्या सहा दिवसांच्या प्रत्येक आकाशात एकाच जागी तोच काळा ठिपका आहे.

प्रश्न : लेन्सवर यूव्ही फिल्टर लावावा का?

उत्तर : डिजिटलमध्ये यूव्हीसाठी म्हणून गरज नाही, सेन्सरपुढे त्याची सोय आधीच असते. काचेला धक्का लागू नये म्हणून लावायचा तर लावा, पण समुद्राचे शिंतोडे, उडती वाळू अशा ठिकाणीच, आणि रात्री दिव्यांचे फोटो काढताना काढून ठेवा नाहीतर दिव्यांची भुतं दिसतात. एरवी लेन्स हूड लावा, धक्काही तोच खातो. पैसे खर्चायचेच असतील तर पोलरायझर घ्या. पाण्यावरची, पानांवरची चमक तो घालवतो तसं नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही. सूर्य खांद्याच्या रेषेत असताना तो सगळ्यात जास्त काम करतो, उजेड मात्र दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खातो, आणि खूप वाइड लेन्सवर आकाश एकीकडे गडद एकीकडे फिकं असं पट्टेरी येतं.

प्रश्न : दिवसाचे फोटो मस्त येतात पण संध्याकाळी आणि म्युझियममध्ये सगळे हललेले. कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे तरी. आयएसओ मी १०० च्या वर जाऊ देत नाही कारण दाणे येतात असं वाचलंय.

उत्तर : तो आयएसओ सोडा हो आधी. दाणे आलेला फोटो नंतर बराच साफ करता येतो, हललेला फोटो कोणाच्या बापाला सरळ करता येत नाही.

हिशोब करून बघू. संध्याकाळची गल्ली, किट लेन्स ५५ ला, तिथे तिचं तोंड एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ १०० ला कॅमेरा म्हणतो १/८ सेकंद लागेल. ५५ ची लेन्स एपीएस-सी वर म्हणजे ८५ च्या आसपास, आणि हाताने काढताना जुना आडाखा असा की शटर (ते उघडं राहण्याचा वेळ) निदान एक भागिले फोकल लेंथ, म्हणजे इथे १/८० तरी पाहिजे. १/८ त्याच्या दहापट हळू आहे. आता आयएसओ १६०० करा. १०० चे २००, ४००, ८००, १६००, चार पायऱ्या, तेवढ्याच पायऱ्या शटर वर सरकतं, १/१५, १/३०, १/६०, १/१२५. झालं काम. आजचा कुठलाही एपीएस-सी कॅमेरा १६०० ला कुरकुरत नाही, ३२०० सुद्धा चालवा, रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढत असाल तर बिनधास्त.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, समोरच्याचे पाय नाही. म्हणून तुमच्या फोटोत खांब टकाटक शार्प आणि त्याच्या शेजारून जाणारी बाई धुरासारखी, असंच होत असणार, जरा झूम करून बघा. भिंत, पुतळा, चित्र असेल तर १/१५ ला सुद्धा जमून जाईल, चालणारा माणूस थांबवायचा तर १/२५०, पळणारं पोर असेल तर १/५००. कॅमेऱ्यात ऑटो आयएसओ असतो, त्यात कमीत कमी शटर किती हवं ते सांगता येतं, मी प्रवासात ते १/१२५ ला आणि आयएसओची वरची मर्यादा ६४०० ला ठेवून देते आणि विसरून जाते.

म्युझियममध्ये बहुतेक ठिकाणी फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही, तेव्हा खांब शोधा. डावा खांदा खांबाला टेकवा, कोपरं पोटाशी, डावा तळहात लेन्सच्या खाली (बाजूने धरू नका, खालून, थाळी धरल्यासारखी), अर्धा श्वास सोडून थांबा आणि बटण दाबू नका, बोट त्यावर हळूच लोळवा. एकाऐवजी चार फोटो सलग काढा, दुसरा-तिसरा जास्त शार्प निघतो कारण बोट खाली जातानाचा आणि उठतानाचा धक्का पहिल्या-शेवटच्याला लागतो. फोटोच चालत नसतील तिथे, व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपलसारख्या जागी, कॅमेरा बॅगेत टाका आणि मान वर करा.

प्रश्न : विमानात कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कशा न्यायच्या? कोणी म्हणतं मोठ्या बॅगेत टाका, कोणी म्हणतं नाही चालत.

उत्तर : सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही, केबिन बॅगेतच. पॉवर बँक म्हणजेसुद्धा सुटी बॅटरीच धरतात, तीही हातातच. कारण सोपं आहे, शॉर्ट होऊन पेटली तर केबिनमध्ये कोणाच्या तरी लक्षात येतं, खाली सामानात कळायला उशीर होतो. म्हणून प्रत्येक बॅटरीची धातूची टोकं झाकलेली पाहिजेत, प्लास्टिकचं झाकण असेल तर ते, नसेल तर चिकटपट्टी. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर एकाच कप्प्यात तर मुळीच टाकू नका.

मर्यादा वॉट-अवरमध्ये असते, १०० च्या आत असेल तर परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला एअरलाइनला विचारावं लागतं, त्यावर नाहीच. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केलं की वॉट-अवर निघतात. ७.२ व्होल्टची २२८० एमएएच बॅटरी म्हणजे ७.२ × २.२८, साधारण १६.४, म्हणजे कॅमेऱ्याच्या बॅटरीची काळजीच नको. २०,००० एमएएच ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ होते, चालते. आकडा पुसलेली पॉवर बँक मात्र घरीच ठेवा, सिक्युरिटीवाल्याला तुमच्या तोंडी हिशोबाशी काही देणंघेणं नसतं. काही एअरलाइन्स आता उडत्या विमानात पॉवर बँक वापरूच देत नाहीत, आणि किती न्यायच्या यावरही त्यांचे आपापले नियम असतात, तिकिटाबरोबर ते वाचून घ्या.

थंडीत जाणार असाल तर जादा बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाशी. गारठलेली बॅटरी लवकर मान टाकते, पण ती मेलेली नसते, उबेला ठेवली की बऱ्याचदा थोडी परत येते, फेकून देऊ नका.

प्रश्न : आमचे हे प्रत्येक ट्रिपमध्ये दर दहा पावलांना थांबतात. पहाटे ट्रायपॉड घेऊन गायब, दुपारी गल्लीत उभे, आम्ही सगळे पुढे जाऊन परत मागे येतो. काहीतरी लिहा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

उत्तर : पहाट त्यांना देऊन टाका. सूर्य उगवायच्या आधीचा अर्धा तास निळा आणि उगवल्यावरचा तासभर सोनेरी, यातले फोटो दुपारी कितीही महाग कॅमेऱ्याने येत नाहीत, शिवाय तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता म्हणजे कोणाचंच नुकसान नाही.

आता हे यजमानांसाठी. दादा, अकरा ते तीन कॅमेरा बॅगेत ठेवून बघा. ऊन डोक्यावर असतं, माणसांच्या डोळ्यांच्या जागी खड्डे येतात, आकाश पांढरं फटक. त्या वेळात घरच्यांबरोबर चाला, आणि चालताना जागा हेरून ठेवा, उद्या पहाटे ऊन कुठून येईल ते फोनवरच्या नकाशात बघा. फारच हात शिवशिवले तर सावलीतल्या गल्ल्या आणि इमारतींच्या आतल्या भागात काढा, एक जागा, पाच मिनिटं, बास.

आणि तो ट्रायपॉड रोज कशाला? कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन असताना त्याची खरी गरज तारे, लांब एक्स्पोजर आणि सगळ्यांनी मिळून काढायचा फोटो यालाच. ताऱ्यांसाठी ५०० भागिले फोकल लेंथ करा, २० मिमीला २५ सेकंद, त्यावर गेलात तर पृथ्वी फिरते ते फोटोत दिसायला लागतं (सेन्सरवर खूप मेगापिक्सेल असतील तर आणखी कमी करा, आणि क्रॉप बॉडी असेल तर आधी क्रॉपने गुणा). भर दिवसा धबधबा दुधासारखा हवा असेल तर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर, तो उजेड हजारपटीने कमी करतो, १/६० चे सतराएक सेकंद होतात. तेवढं ज्या दिवशी ठरलेलं असेल त्या दिवशीच तिपाई उचला.

प्रश्न : एसी खोलीतून बाहेर पडलं की लेन्सवर वाफ धरते. पुसली तरी परत येते. यातूनच फंगस होतो का?

उत्तर : हे मला एका सूर्योदयाच्या किमतीला समजलंय. रात्रभर एसी, कॅमेरा टेबलावर उघडा, पहाटे पळत पळत समुद्रावर गेले, बाहेर दमट उबदार हवा, आणि लेन्सवर ढग. ओढणीने पुसला, दुसऱ्या मिनिटाला परत ढग. वीस मिनिटं पुसत बसले, सूर्य मात्र माझ्यासाठी थांबला नाही. काच गार असते तोवर हवेतलं पाणी तिच्यावर बसतच राहणार, पुसून काय होणार? उलट ओढणीला वाळू असेल तर ओरखडे.

उपाय साधा. कॅमेरा झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि बाहेर नेल्यावर पिशवी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास थांबा, पाणी पिशवीच्या बाहेरून बसेल. किंवा रात्रीच कॅमेऱ्याची बॅग एसी नसलेल्या भागात ठेवा. बर्फातून गरम खोलीत येताना हेच उलट, पिशवी बाहेरच बंद करायची मग आत यायचं. पिशवी बंद करायच्या आधी कार्ड काढून घ्या, नाहीतर दिवसाचे फोटो बघायची घाई होते आणि तुम्ही पिशवी उघडताच, मी उघडलीये.

एकदा वाफ धरली म्हणून बुरशी होत नाही, ओली लेन्स तशीच अंधाऱ्या बंद बॅगेत आठवडेच्या आठवडे पडली की होते. घरी आल्यावर सगळं बाहेर काढून वाळवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, आतली आर्द्रता ४०-५० टक्के राहिली की पुरे. चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, ते ओल धरून बसतं.

प्रश्न : आजोबांचा फिल्म कॅमेरा ट्रिपला न्यायचाय. एअरपोर्टच्या मशिनने रोल खराब होतात का?

उत्तर : डिजिटलला काही होत नाही, रोलला होऊ शकतं. चेक-इनच्या बॅगेत रोल कधीच टाकू नका, तिथली मशिन जास्त जोरदार असतात. हातातल्या बॅगेची जुन्या पद्धतीची एक्स-रे मशिन कमी आयएसओच्या रोलला एखाद्या वेळी चालून जातात, पण आता बऱ्याच एअरपोर्टवर नवीन सीटी स्कॅनर आलेत, त्यातून २०० चा रोलसुद्धा जाऊ देऊ नका. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासा म्हणून नम्रपणे सांगा, घाई असेल तर ऐकत नाहीत म्हणून जरा लवकर पोचा. कॅमेऱ्यातला रोल निघायच्या आधी संपवून टाका.

प्रश्न : मला लोकांचे फोटो काढायचेत पण विचारायला लाज वाटते म्हणून लांबून झूम करून काढते. नंतर बघितले तर आवडत नाहीत.

उत्तर : कारण ते चोरीचे दिसतात. सगळे कान, पाठी आणि अर्धवट वळलेले गाल, हो ना? टेली काढून ठेवा आणि ३५ किंवा ५० लावून जवळ जा. भाषा येत नसेल तर कॅमेऱ्याकडे बोट आणि भुवया वर, जगात कुठेही कळतं. नाही म्हणाले तर हसून पुढे. हो म्हणाले तर पहिला फोटो नेहमी ताठ, पोलीस व्हेरिफिकेशनला दिल्यासारखा येणार, तो काढा, त्यांना स्क्रीनवर दाखवा, ते हसतील, आणि तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा. लहान मुलं असतील तर आईबापांना विचारल्याशिवाय नाही, आणि ऑनलाइन टाकायचा असेल तर तेही विचारायचं.

नाव विचारा आणि वहीत लिहा. नॅशनल जिओग्राफिकच्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरची ती हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी आठवते? पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत १९८४ मध्ये काढलेला फोटो, १०५ मिमी लेन्सने. चेहरा जगभर गेला आणि तिचं नाव जगाला कळलं २००२ मध्ये.

प्रश्न : किती कार्डं न्यावीत? आणि लॅपटॉप नाही नेला तर बॅकअप कसा?

उत्तर : २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ ते ४० एमबी, जेपेग दहाच्या आसपास. म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर दीड हजाराच्या पुढे रॉ सहज. एकच २५६ चं नेण्यापेक्षा ६४ ची चार न्या, एक गेलं तर तेवढेच दिवस गेले. व्हिडिओ काढणार असाल तर कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघा, सेकंदाला निदान ३० एमबी लिहिण्याची ती हमी असते, त्याच्या शेजारी मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवा म्हणजे चुकून तेच परत लागत नाही. कॅमेऱ्यात दोन स्लॉट असतील तर दोन्हीवर एकदम लिहायला लावा, नसतील तर फोनला लागणारा कार्ड रीडर आणि छोटी एसएसडी, रात्री दात घासताना कॉपीला लावायचं. मग कार्डं खिशात आणि एसएसडी बॅगेत, दोन्ही एकाच बॅगेत ठेवलं तर तो बॅकअप नाही.

कार्ड फॉरमॅट करायचं ते घरी आल्यावर, दोन ठिकाणी कॉपी झाल्यावर, आणि कॉपी झाली म्हणजे फोल्डर दिसला असं नाही, त्यातल्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या चारपाच फाइल्स उघडून, झूम करून बघायच्या, मगच.